साहेबाचं टेबल आणि पळसाची लाख

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज किल्ला नाही, लढाई नाही, सनावळी पण कमीच. आज एक टेबल आहे. बेचाळीस इंच लांब, दोन ड्रॉवर, चार पाय, त्यातला एक डुगडुगणारा. गोंदिया शहराला लागून आमचं मुर्री गाव आहे, तिथल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत ते तीस-एक वर्षं पडून होतं. वर धानाची पोती, खाली कोंबड्या. मी कोड लिहिणारा माणूस. लाकडाशी माझा संबंध फर्निचर ऑनलाइन मागवून स्क्रू पिळण्यापुरता. पण मागच्या वर्षी घरूनच काम सुरू होतं आणि मला बसायला टेबल पाहिजे होतं. बाबा म्हणाले, "ते भंगारवाला पंधराशेत नेतो म्हणून राहिला, देऊन टाकू." तेवढ्यात आजी आतून ओरडली, "हात नोका लावू त्याले! तो साहेबाचा टेबल होय."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझे पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत खलाशी होते. गोरा साहेब बदलून गेला आणि जाताना त्यांच्यावर खूश होऊन स्वतःचं टेबल देऊन गेला. विलायती टेबल, विलायती पॉलिश. लहानपणी मी ही गोष्ट शाळेत निबंधातसुद्धा लिहिली आहे. मार्क बरे मिळाले होते.

तर हा भाग म्हणजे त्या टेबलाची दुरुस्ती करताना त्या गोष्टीचं काय झालं, ते.

सुरुवात मी चुकीनं केली, हे आधीच सांगतो. व्हिडिओ बघून घासायचं मशीन मागवलं, एक ड्रॉवर काढला आणि त्याच्या दर्शनी फळीवर मशीन चालवलं. दोन मिनिटांत काळपट तपकिरी थर गेला आणि खालून पिवळट, कोरं लाकूड निघालं. मला वाटलं, वा! शेजारच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री राहतात, आता काम करत नाहीत. ते आवाज ऐकून आले, फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शंभर वर्षाचा रंग दोन मिनटात काढला बाबू. आता हा कोठून आणशीन?" मी म्हटलं, काका, पॉलिश परत मारता येईल की. ते म्हणाले, "पॉलिश येईल. रंग लाकडाचा होता." साग उन्हा-हवेत वर्षानुवर्षं गडद होत जातो, आणि ती गडद झालेली कातडी कागदासारखी पातळ असते. ती फळी आजही बाकीच्या टेबलापेक्षा फिकी आहे. मी मुद्दाम तशीच ठेवली आहे असं मी आता लोकांना सांगतो. खरं म्हणजे दुसरा उपाय नव्हता.

मग काकांनी मला पहिली गोष्ट शिकवली, ती म्हणजे हात लावण्याआधी वर काय लावलंय ते बघणं. टेबलाच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा एक थेंब. तेलाचं व्हार्निश असेल तर ढिम्म हलत नाही. इथे अर्ध्या मिनिटात जागा चिकट झाली आणि बोळ्याला तांबूस रंग आला. काका म्हणाले, "चपडा."

चपडा म्हणजे लाखेचे पातळ, काचेसारखे तुकडे. ते स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या गादीनं घासघासून लावलं की जे चकाकतं त्याला जगभर फ्रेंच पॉलिश म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात महागड्या फर्निचरवर, पियानोवर हेच. आमच्या घरातलं 'विलायती पॉलिश' ते हेच. आणि इथे मी थांबलो, कारण लाख म्हटल्यावर विलायत कुठे आली?

लाख हा एका किड्याचा स्राव आहे. मुंगीपेक्षा लहान किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हजारोंनी बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. फांदी खरखरीत, लालसर दिसायला लागते. ती तोडून खरवडली की कच्ची लाख. एक किलो लाखेमागे साधारण तीन लाख किडे लागतात असा हिशेब सांगतात. पळस-बोरावरची ती रंगीनी, कुसुमावरची कुसुमी, आणि दोन्हींची वर्षाला दोन-दोन पिकं. रंगीनीला बैसाखी आणि कतकी, कुसुमीला जेठवी आणि अघनी. नावं बघा, सरळ महिन्यांची आहेत. मार्चमध्ये मुर्रीच्या बाहेर कुठल्याही रस्त्यानं निघा, पळसच पळस पेटलेला दिसतो. गोंदिया हे नावच मुळी गोंद आणि लाख घेऊन बाजारात येणाऱ्या गोंड लोकांवरून पडलं असं इथले लोक सांगतात. नावांच्या अशा कथांवर मी पटकन विश्वास ठेवत नाही, पण एक नक्की की या गावाची कथा सांगताना लोकांना सोनं-चांदी नाही, डिंक आणि लाख आठवते.

लाखेचा व्यापार आधी राळेसाठी नव्हताच, रंगासाठी होता. लाख धुतली की लाल पाणी निघतं, ते कापड रंगवायला विलायतेत जायचं. १८५६ साली पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोरानं प्रयोगशाळेत जांभळा रंग केला आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत कृत्रिम रंगांनी लाखेचा रंग बाजारातून उठवला. जे पाणी विकायचं होतं ते गटारात गेलं आणि जो चोथा होता तो सोन्याचा झाला. कारण तोवर राळेला नवे गिऱ्हाईक मिळाले होते. फर्निचरचं पॉलिश, टोप्या कडक करायला, पत्राची सील, विजेच्या यंत्रांत इन्सुलेशन, आणि १८९०च्या दशकाच्या शेवटी ग्रामोफोनच्या तबकड्या. ७८ फेऱ्यांची ती जुनी जड तबकडी म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी. बालगंधर्वांचा आवाज घरोघरी पोचला तो लाखेवर कोरून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं १९४२ साली तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लादली, इतकी ती युद्धाच्या कामाची होती. आणि जगाची बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची. छोटा नागपूर सगळ्यात पुढे, पण मध्य प्रांतातली जंगलंही त्यात होती. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाख संशोधन संस्था निघाली, ती याच व्यापारासाठी.

चपडा करायची जुनी पद्धत वाचून माझे तर हातच दुखले. धुतलेली लाख लांब, बारीक कापडी पिशवीत भरायची. कोळशाच्या भट्टीसमोर ती धरायची आणि दुसऱ्या टोकानं पीळ देत राहायचं. वितळलेली लाख कापडातून पाझरते, ती खरवडून एक गोळा होतो. मग एक माणूस तो गरम गोळा हातांनी, पायांनी, आणि एक कोपरा दातात धरून चादरीसारखा ताणतो. थंड झाली की मोडायची, तो चपडा. लंडनमधल्या दिवाणखान्यातलं टेबल चकाकायचं त्याच्या मागे कुणाचे तरी दात होते.

आता रेल्वे. नागपूरहून छत्तीसगडकडे १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मीटरगेज लाइन पडली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती घेतली, रुंद केली आणि पुढे कलकत्त्यापर्यंत नेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी छोटी लाइन झाली. आमच्या आधीच्या पिढ्यांनी 'छोटी गाडी' म्हणून तिच्यावर आयुष्य काढलं. सातपुड्यातला माल छोट्या गाडीनं गोंदियाला यायचा आणि तिथून मोठ्या गाडीत चढायचा. म्हणजे लाख आमच्या दारावरून कलकत्त्याला जायची, तिथून जहाजानं विलायतेला. परत येताना तिचं नाव फ्रेंच झालेलं असायचं.

सागाची गोष्ट जास्त कडू आहे. रेल्वेला एका मैलाला सतराशे ते दोन हजार स्लीपर लागतात. १८७८च्या कायद्यानं सरकारनं मोठाली जंगलं राखीव केली. उरलेल्यांत बरीचशी मालगुजारांची. ज्याच्या गावाभोवती साग होता त्यालाच साग तोडला तर दंड. १९३०च्या जुलैत बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला, ते नुसतं मिठाच्या धर्तीवरचं प्रतीक नव्हतं. माणसं या कायद्याला रोज ठेचकाळत होती. मालगुजारी १९५१ साली गेली, मालगुजारांची जंगलं सरकारकडे आली, पण सागाचा परवाना काही सुटला नाही. हे सगळं सांगतोय कारण पुढे प्रश्न येणार आहे, की एका रेल्वे खलाशाच्या घरात सागाचं टेबल आलं कुठून?

साहेबानं दिलं. उत्तर तयारच होतं.

पाऊस संपेपर्यंत पॉलिश करू नको, असं काकांनी बजावलं होतं. मी ऐकलं नाही, ऑगस्टमध्ये एका पायावर हात मारला आणि तो दुधासारखा पांढरा पडला. ओल्या हवेतलं पाणी लाखेच्या थरात अडकतं. स्पिरिटचा हात फिरवून ते काढलं आणि दिवाळीपर्यंत गप्प टेबल खोलत बसलो. बरं झालं. खोलण्यातच सगळं होतं.

जुन्या टेबलाला खिळे जवळजवळ नसतात. एका लाकडाला जीभ काढलेली, दुसऱ्याला खाच, आणि आरपार बांबूची खुंटी. चिकटवायला सरस, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा उकळलेला गोंद. त्याचा गुण असा की गरम पाण्यानं तो पुन्हा सुटतो. खुंटी ठोकून बाहेर काढायची, सांध्यावर गरम पाण्याचं फडकं ठेवायचं, अर्ध्या तासानं लाकडी हातोडीनं हळू टकटक करायची, सांधा उघडतो. मी याला मनात 'अनडू' म्हणतो. भारतात फेविकॉल आलं १९५९ साली. तोवर प्रत्येक सुतार सरसाचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून काम करायचा. पांढऱ्या गोंदाला चूल नको, वास नाही, लवकर बसतो, सुतारांनी तो उचलला यात नवल नाही. पण आमच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय कुणीतरी पुढे कधीतरी पांढऱ्या गोंदानं आणि चार इंची खिळ्यांनी पक्का केला होता, आणि नेमका तोच सांधा मला मोडल्याशिवाय उघडता आला नाही. बाकी तिन्ही शहाण्यासारखे सुटले. परत जोडताना मी सरसच वापरला. अंगणात शिजवला, कारण आजीनं घरात आणू दिला नाही. "कातडं शिजवते का रे माह्या घरात?"

पाय सुटले तसं आतलं लाकूड दिसलं. सांध्यांच्या आत, जिथे पॉलिश पोचत नाही, तिथे पेन्सिलीच्या खुणा. ड्रॉवरच्या एका बाजूला 'डा', दुसऱ्याला 'उ'. डावा, उजवा. एका आडव्या पट्टीवर '१४ इं ५ सू'. सू म्हणजे सूत. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, इथले सुतार आजही त्यातच मोजतात. म्हणजे देवनागरीत लिहिणाऱ्या, सुतात मोजणाऱ्या मिस्त्रीनं हे केलं. मी आनंदानं काकांकडे धावलो, की साहेबाचं नव्हतंच! काका हसले. "साहेबाचे टेबल काय साहेब बनवत होता का?" बरोबर. रेल्वेचं फर्निचरही इथल्याच मिस्त्रींनी केलेलं असणार. पेन्सिलीनं काहीच सिद्ध होत नव्हतं. कंपनीचा शिक्का किंवा नंबर सगळीकडे शोधला, नाही सापडला. पण न सापडणं हाही पुरावा नव्हे, एखाद्या खरवडीत गेला असेल. ड्रॉवरच्या तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र होतं, त्यावरून फक्त इतकंच कळतं की कुणीतरी ते कधीतरी अंथरलं.

शेवटी कोडं सोडवलं मागच्या आडव्या पट्टीनं. ती भिंतीकडे असते म्हणून कधी कुणी बघितलीच नाही. तिच्या एका टोकाला रुपयाएवढं गोल भोक, लाकडाच्याच बुचानं बंद केलेलं. बूच काढलं तर आतली कड गुळगुळीत, तेलकट, घासून घासून चकाकलेली. आणि आतल्या बाजूला गेरूचा लाल डाग. काकांनी बोट आत घालून फिरवलं आणि म्हणाले, "दरवाजा फिरत होता याच्यात." जुनी दारं बिजागरीवर नसायची. दाराच्या फळीलाच वर-खाली खुंट असायचा आणि तो चौकटीच्या भोकात फिरायचा. ही पट्टी कुठल्या तरी घराच्या चौकटीची होती. मग मी बाकीची लाकडंही तशी बघितली. एका पायात बंद केलेली जुनी खाच, ड्रॉवरच्या तळाला तीन वेगवेगळ्या फळ्या. टेबलाचं निम्मं लाकूड आधी दुसरंच काहीतरी होतं. कंपनीला साग कमी नव्हता. जुनी चौकट कापून टेबल करतो तो, ज्याला नवा साग मिळत नाही.

आता हे आजीला सांगायचं की नाही, हा खरा प्रश्न. तिचं वय शहाऐंशी. ती गोष्ट तिला तिच्या सासूनं सांगितलेली. बाबा म्हणाले, "राहू दे, काय फरक पडते." आठवडाभर मी गप्प होतो. मग एक दिवस तीच अंगणात येऊन बसली, ती पट्टी उचलली, भोकात बोट घातलं आणि म्हणाली, "हे जुन्या घरचं दार होय."

मी म्हटलं, आजी, तुला माहीत होतं?

तिनं जे सांगितलं ते असं. सासूबाईंच्या घरी एक हरताळ झाला होता. रेल्वे बंद, पगार बंद, सावकाराचं देणं झालं. घराचा मागचा भाग पडलेला होता, त्या चौकटीचं टेबल पणजोबांनी आधीच एका मिस्त्रीकडून करून घेतलेलं. त्यांना लिहायची हौस होती, साहेबाच्या ऑफिसातल्यासारखं टेबल पाहिजे होतं. सावकाराचा माणूस भांडी घेऊन गेला, बैल घेऊन गेला. टेबलापाशी आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हे साहेबाचं आहे, सरकारी आहे, न्यायचं तर लिहून दे. तो गेला. "मंग साहेबाचा म्हणतच राह्यलो. परत आला असता तं?"

बंगाल-नागपूर रेल्वेवर १९३६-३७च्या हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, मोठा संप झाला होता. त्याआधी १९२७चा खडगपूरचा संप, ज्यात व्ही. व्ही. गिरी पुढे होते, पुढचे राष्ट्रपती. आजीचा 'हरताळ' यातला कुठला, की तिसराच एखादा, हे टेबल सांगत नाही. मला ३६-३७चा वाटतो, कारण सासूबाई तेव्हा नव्या संसारात होत्या असं आजीच्या हिशेबात बसतं. पण ही आठवण आहे, तीसुद्धा एका हातातून दुसऱ्या हातात आलेली, आणि मी तिला तेवढंच वजन देतो.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा पॉलिश केलं. एक लिटर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडा, काचेच्या बाटलीत रात्रभर. पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, काळा पडतो. जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून गादी. हात कधी थांबवायचा नाही, थांबला की फडकं चिकटतं आणि खड्डा पडतो. गादी अडायला लागली की तिच्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब. रोज सकाळी कामाला बसायच्या आधी अर्धा तास, असे बावीस दिवस. दहाव्या दिवसापर्यंत काहीच दिसत नाही. नंतर एका सकाळी उजेड तिरका पडतो आणि लाकूड आतून दिसायला लागतं. गोल भोक मी परत बंद केलं नाही. त्यातून आता चार्जरची वायर जाते.

हा भाग मी त्याच टेबलावर बसून रेकॉर्ड केलाय. मागच्या आठवड्यात शेजारचे कुणी आले, टेबलाला हात लावून म्हणाले, काय मस्त झालं. आजी खाटेवरूनच म्हणाली, "साहेबाचा होय तो."

मी काही बोललो नाही. पुढच्या भागात छोट्या गाडीबद्दल बोलू. तिच्यावर काम केलेलं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांना बोलतं करा, आणि मला कळवा. भेटू.